गाडीतला तोच दोष पुन्हा पुन्हा येतोय? तो पकडायचा, दाखवायचा आणि कागदावर आणायचा कसा

चोर्ल्याच्या उतारावर ब्रेकचं पेडल खोल गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी गाडी बेळगावच्या सर्व्हिस सेंटरात नेली, की सल्लागार सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर फिरवून आणतो आणि जॉब कार्डावर, म्हणजे कामाची नोंद होणाऱ्या कागदावर, शेरा पडतो, 'दोष आढळला नाही'. महिन्याभरात पुन्हा तेच. दरवेळी तो खोटं बोलतो असं नाही. दोष ज्या परिस्थितीत उमटतो, ती त्याच्यासमोर नसते. ती परिस्थिती नेमकी टिपणं हे काम मालकाचं, आणि बहुतेकजण तेच करत नाहीत.

आधी बघा, गाडी चालवण्यासारखी आहे का

पेडल जमिनीला टेकतंय, स्टिअरिंग मध्येच जड होतंय किंवा अडकतंय, ऑइलचा लाल दिवा लागलाय, पेट्रोलचा किंवा जळक्या वायरचा वास येतोय, टायरच्या बाजूला फुगा आलाय, यातलं एक जरी असलं तरी गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. 'हळू हळू नेतो' हा विचार सोडा. पिवळा चेक इंजिन दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भट्टीसारखा तापतो. तेव्हा थांबाच.

एअरबॅगच्या दिव्याची तपासणी उलटी आहे. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझलाच नाही तर दोष आहेच. पण लागलाच नाही तर जास्त संशय घ्या. जुन्या बाजारातल्या गाडीत उघडलेल्या एअरबॅगा न बदलता नुसता दिवा बंद करून ठेवल्याचे प्रकार होतात.

वही घाला

'पुढून आवाज येतो' या वाक्यावर कुठलाही मेस्त्री काही करू शकत नाही. नोंद अशी हवी:

'१४ जुलै, सकाळी ७.१०, ४१,२८० कि.मी. रात्रभर पाऊस, गाडी उघड्यावर. इंजिन थंड. दुसरा गिअर, ताशी २० ते २५. उजवीकडे वळताना डाव्या पुढच्या चाकाकडून टकटक. वेग वाढला की टकटक भरभर. चाक सरळ केलं की बंद.'

एवढ्यावरून जाणकार माणूस गाडी न बघता सांगेल, की डाव्या बाजूच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा (अ‍ॅक्सलला चाकाशी जोडणारा सांधा) रबरी बूट फाटलाय का ते आधी बघा. तारीख, कि.मी., इंजिन थंड की गरम, गिअर, वेग, रस्ता, एसी चालू की बंद, किती माणसं, पाऊस होता का, एवढं दर वेळी लिहायचं.

आवाजाचं मूळ शोधायला साधी वाटणी आहे. खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवरच वाजतं ते सस्पेन्शन; आपल्याकडे त्यात लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश आधी. चाकाच्या वेगाबरोबर वाढतं ते टायर, बेअरिंग किंवा अ‍ॅक्सल. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० ला क्षणभर क्लच दाबा. आवाज तसाच राहिला तर इंजिनाला दोष देऊ नका.

व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढावा. त्यात मीटर, कि.मी. आणि पेटलेला दिवा एकाच फ्रेममध्ये दिसला पाहिजे. चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊ नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

घाटातले ब्रेक

हा दोष वर्कशॉपमध्ये हमखास लपतो, म्हणून थोडं सविस्तर. पेडल मऊ होऊन खोल जाणं आणि पेडल घट्ट असूनही गाडी न थांबणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्याच लिहा.

मऊ पेडलमागे बहुतेक वेळा जुनं ब्रेक ऑइल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. पाणी मुरल्यावर तो १५५ च्या आसपास उतरतो. घाटात सतत ब्रेक दाबल्याने ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं. अर्धा तास थांबलात की सगळं पूर्ववत, आणि वर्कशॉपला काही सापडत नाही. म्हणून तिथे 'ब्रेक बघा' असं न म्हणता ऑइलमधल्या ओलाव्याची टेस्टरने तपासणी मागा. ओलावा ३ टक्क्यांवर असेल तर ऑइल बदलायचं. तसंही दर दोन वर्षांनी बदलावंच. कंकुंबी-जांबोटीचा पाऊस खाणाऱ्या गाडीला तर नक्कीच.

पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, याला तापलेले पॅड किंवा ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) कारण असतो. बूस्टरची चाचणी घरच्या घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप दाखवा.

एकच चाक तापत असेल तर कॅलिपरच्या पिना लाल मातीने जाम झालेल्या असतात. उतार संपल्यावर हाताची मागची बाजू चारी रिमांजवळ न्या, स्पर्श करू नका. पुढच्या दोन चाकांत ठळक फरक जाणवला तर तो त्या दिवसाच्या नोंदीत लिहा.

अर्थात आधी स्वतःची सवय तपासा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणाऱ्याच्या ब्रेकच्या तक्रारीला कंपनी दाद देणार नाही, आणि तिचं चूक आहे असंही म्हणता येत नाही.

बाकी नेहमीच्या तक्रारी, थोडक्यात

बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्या एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झाल्या. त्यांच्या डीपीएफ या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जाळायला लांबची फेरी लागते. टिळकवाडी ते खडेबाजार एवढंच रोज चालवलं तर दिवा लागणारच. लागला की राष्ट्रीय महामार्ग ४८ वर संकेश्वरच्या बाजूला काढा आणि ताशी ६० च्या वर, एक गिअर खालचा ठेवून, सलग वीस मिनिटं चालवा. मध्ये बंद करू नका. ही जळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली दिसली तर आनंद मानू नका. फोटो काढा आणि ऑइल बदलल्याशिवाय गाडी दामटू नका. लांबच्या फेऱ्या करूनही दिवा परत आला, तर मात्र तो दोष गाडीचा. प्रेशर सेन्सर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टरची तपासणी लेखी मागा.

शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली पाणी साचत असेल तर ते बोटाला लावून बघा. निव्वळ पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप किंवा वायपरखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा. बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट, म्हणजे हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.

एअरबॅगचा दिवा, हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं एकाच वेळी दगा देत असतील तर स्टिअरिंगमधला क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) बघायला सांगा. नुसता दिवा येतोय-जातोय तर पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर सैल असू शकतात. सीटखाली ओली छत्री, नारळ, नाहीतर सामानाची पिशवी कोंबायची सवय याला कारण ठरते. ते कनेक्टर स्वतः ओढू नका.

ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर घराकडे सरकतात आणि बॉनेटमध्ये शिरतात. वायरीवर दातांच्या खुणा असतील तर ते विम्याचं काम. वॉरंटीसाठी भांडून वेळ घालवू नका.

कोड पुसू देऊ नका

डॅशबोर्डच्या खाली, चालकाच्या पायाजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा रीडर लावला की मोबाइलवर गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड दिसतात. उदाहरणार्थ, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान हेही साठलेलं असतं आणि कोड पुसला की तेही जातं. गल्लीतला मेस्त्री 'दिवा घालवून देतो' म्हणाला, तर आधी स्क्रीनचा फोटो घ्या. पुसलेला कोड घेऊन सर्व्हिस सेंटरला जाणं म्हणजे पुरावा घरी ठेवून कोर्टात जाणं.

जॉब कार्ड: खरी लढाई इथे

काउंटरवर बोलणं मराठीत किंवा कन्नडमध्ये होतं, कार्डावर मात्र इंग्रजीत दोन शब्द उमटतात. सही करण्याआधी ते वाचून घ्या. 'ब्रेक चेक' असं लिहिलं असेल तर तुमचं वाक्य लिहून घ्यायला लावा: 'गरम असताना, उतारावर, दहा मिनिटांनी पेडल खोल जाते, तिसऱ्यांदा तक्रार.' तक्रारींची यादी दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. चाचणी त्यांच्या रस्त्यावर नको. टेक्निशियनला शेजारी बसवून वंटमुरीच्या किंवा निपाणीकरांनी तवंदीच्या घाटापर्यंत न्या, आणि चाचणी झाल्याची नोंद कार्डावर मागा.

वॉरंटीत फुकट झालेल्या कामाचंही शून्य रकमेचं बिल घ्या. तोच दोष तिसऱ्यांदा आला की डीलरशी वाद थांबवा आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला ई-मेल करा. त्यात चॅसिस नंबर, तिन्ही जॉब कार्डांचे क्रमांक आणि कि.मी. असू द्या. रागाची वाक्यं गाळा.

रिकॉल आणि जुनी गाडी

१७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर आरसीवर असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का ते पाहा. असेल तर दुरुस्ती मोफत होते. आपल्या भागात एमएच-०९ किंवा गोवा पासिंगच्या गाड्या सेकंडहँड येतात, केए-२२ किंवा केए-२३ चं पासिंगही होतं, पण कंपनीच्या नोंदीत पहिल्या मालकाचाच पत्ता राहतो. रिकॉलचं पत्र त्याच्याकडे जातं. गोव्यात राहिलेल्या जुन्या गाडीबाबत हे टाळू नका. जगभर परत बोलावल्या गेलेल्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगांतलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. आरसी दाखवून कंपनीकडे तुमचा मोबाइल नंबर नोंदवून घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ प्रमाणे सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं. १ एप्रिल २०२१ पासून ही तरतूद लागू आहे. सुरक्षेशी संबंधित दोष वाहन पोर्टलवर नोंदवा. एकाच मॉडेलच्या तक्रारी पुरेशा जमल्या तरच तिथे चौकशी हलते.

ग्राहक आयोग

१९१५ या हेल्पलाइनवर फुकट तक्रार नोंदवता येते. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी कोल्हापूरच्या शोरूममधून घेतली म्हणून कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, दावा करता येतो. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होतो. गाडीची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. स्वतः चालवून पोट भरणारा गोवा-फेरीचा टॅक्सीवालाही यात ग्राहकच धरला जातो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणत ती सहज निघून जाते.

उत्पादनातला दोष सिद्ध करायला आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागतो. म्हणून दावा ठोकायचा विचार असेल तर त्याच दोषासाठी ऑटोनगरातल्या गॅरेजात गाडी उघडू देऊ नका. उघडलीच असेल, तर काढलेला भाग भंगारात न टाकता तारीख आणि कि.मी. लिहिलेली चिठ्ठी लावून घरी जपून ठेवा.