अवैध उत्खननाचा वनगुन्हा कोर्टात टिकवायचा तर

वनातून मुरूम-दगड नेणारा डंपर पकडला की निम्मंच काम होतं. आरोपी सुटतो तो बहुधा दोन कारणांनी: खड्डा वनातच आहे हे दाखवता येत नाही, किंवा गाडीतला माल त्याच खड्ड्यातला आहे हे.

म्हणून आधी हद्द. कक्ष (वनाचा नकाशावरचा विभाग) क्रमांक, गट नंबर, जवळचे दोन सीमास्तंभ आणि त्यांच्यापासूनचं अंतर पंचनाम्यात लिहा. जीपीएस वाचन खड्ड्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर घ्या. खड्डा हद्दीला लागून असेल तर भूमापकाकडून मोजणी करून घ्याच. हातातल्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो, आणि बचाव पक्षाला तेवढा पुरतो.

खोली निदान पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल खड्डा म्हणजे ४०० घनमीटर, साधारण १४१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). उकरलेला माल फुगतो, त्यामुळे गाडीतले ब्रास आणि खड्ड्यातले ब्रास वेगवेगळे नोंदवा. नाहीतर उलटतपासणीत हीच तफावत पुढे येते. दोन्हीकडचे नमुने पंचांसमोर वेगवेगळे सीलबंद करा. जप्तीचं चित्रण केलं असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडायला विसरू नका.

आता कलमं. इथे घाई फार नडते. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागतं, संरक्षित वनाला ३३. कलम ३३ खाली दगड काढण्याचा गुन्हा कलम ३० च्या मनाईवर उभा असतो, तेव्हा कलम २९ (वन संरक्षित जाहीर करणारी) आणि ३० या दोन्हींच्या अधिसूचनांच्या प्रती प्रकरणाला लावा.

खाणी व खनिजे अधिनियम, १९५७ खालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं. पण त्या कारणावरून पोलिसांनी गुन्हा नोंदवायला नकार दिला तर दिल्ली राज्य विरुद्ध संजय हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल दाखवा. सरकारी जमिनीतल्या खनिजाची चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो.

वाहन सरकारजमा करण्याआधी मालकाला कारणांसह लेखी नोटीस द्या, नाहीतर आदेश अपिलात उडतो. ‘मला माहीतच नव्हतं’ हे मालकाचं ठरलेलं उत्तर. त्यासाठी गाडी कुणी पाठवली, डिझेल कुणी भरलं, खेपेचे पैसे कोण देतं, हे चालकाच्या जबाबात पहिल्याच दिवशी घ्या.