युरोपीय पेटंट अर्ज ‘मागे घेतला’ असे गृहीत धरले गेल्यावर: माझा अनुभव

परीक्षण अहवालाला (अर्जावरील आक्षेपांच्या पत्राला) मुदतीत उत्तर न गेल्याने युरोपीय पेटंट कार्यालयाकडून युरोपीय पेटंट कराराच्या नियम ११२(१) खालील हक्क गमावल्याची सूचना आली. मुदतवाढ मागावी, तर ती मूळ मुदत संपण्यापूर्वीच मागायची असते. त्याच कराराच्या कलम १२२ खालील पुनर्स्थापनेची (गमावलेला हक्क परत मिळवण्याची) वाट नियम १३६(३) ने बंद केलेली. जीव अगदी मेटाकुटीला आला.

उपयोगी पडले ते कलम १२१, म्हणजे फर्दर प्रोसेसिंग: मुदत चुकली तरी शुल्क भरून अर्ज पुढे चालू ठेवण्याची सोय. आधी प्रत्येक आक्षेपाचे उत्तर सुधारित दाव्यांसह (शोधाच्या कोणत्या भागावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या कलमांसह) दाखल केले, मग त्याच दिवशी ठरलेले शुल्क भरले. वेगळे विनंतीपत्र लागत नाही, शुल्क भरणे हीच विनंती, आणि ते हक्क गमावल्याच्या सूचनेपासून दोन महिन्यांत भरायचे असते. मात्र राहिलेले उत्तरही त्याच दोन महिन्यांत जायला हवे. १ नोव्हेंबर २०२३ पासून टपालासाठीची दहा दिवसांची जुनी सवलत गेल्याने हे महिने सूचनेवरील तारखेपासूनच मोजावेत.