मांजर दिलं की परत येतं? आमच्या मनीचं असं जमलं

धाकटीचा दमा वाढला, म्हणून चार वर्षांची मनी द्यायची ठरलं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘मांजर फुकट’ टाकलं; नुसते अंगठे आले. एकांनी नेली, तिसऱ्या दिवशी परत: पलंगाखालून निघेना, खाईना. मी रडकुंडीला आले.

मग आधी नसबंदी, ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची) आणि रेबीजची लस करून फाईल तयार केली. नव्या मजकुरातून ‘फुकट’ काढलं, ‘सोफा ओरबाडते’ हेही लिहिलं. एका कुटुंबाने विचारलं, त्यांचं घर मी बघून आले. खिडक्यांना जाळी लावल्यावरच मनी दिली. सोबत तिची न धुतलेली गोधडी, वापरातला लिटर ट्रे (तिचा शी-शूचा), नेहमीचंच खाणं. पहिला आठवडा एकाच खोलीत, दार बंद; मग हळूहळू बाकीचं घर. पाचव्या रात्री ती आपणहून गोधडीवर येऊन बसली. सोफा मात्र त्यांचाही गेला.