व्हेनिसमधल्या भारतीय दालनाचा अभ्यास कसा करावा

आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत देशाची समकालीन कला कशी मांडली जाते, हा विषय अभ्यासाला घेतला की थेट कलाकृतींच्या रसग्रहणाला हात घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. निवड कोणी केली, खर्च कोणी उचलला आणि देशाचे नाव कोणाच्या अधिकाराने लावले गेले, हे आधी शोधावे. त्यासाठी अनेक प्रदर्शने वरवर चाळण्यापेक्षा दोनच घ्यावीत आणि ती मुळापासून तपासावीत. व्हेनिस बिएनाले या इटलीत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातील २०११ आणि २०१९ ची भारतीय दालने यासाठी उत्तम आहेत.

२०११ चे दालन ललित कला अकादमी या केंद्र सरकारच्या कलासंस्थेचे होते आणि त्याचे गुंफणकार (क्युरेटर, म्हणजे कलाकृतींची निवड व मांडणी ठरवणारे) मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे होते. २०१९ मध्ये संस्कृती मंत्रालयाबरोबर भारतीय उद्योग महासंघ आणि किरण नाडर कलासंग्रहालय ही खासगी संस्था होती. गुंफणकार रूबिना करोडे याच संग्रहालयाच्या, आणि निमित्त गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीचे होते. एवढी माहिती हाती आली की एक तक्ता करावा: कलावंत, त्याचे वास्तव्य, कलाकृतीचे वर्ष, ती कोणाच्या संग्रहातली. शेवटच्या रकान्यासाठी प्रदर्शन-पुस्तिकेतील ‘सौजन्य’ ही बारीक टायपातली ओळ वाचावी. माझ्या मते प्रस्तावनेपेक्षा ती अधिक बोलते.

वर्षांचा रकाना नीट पाहावा. गिगी स्कारिया यांची लिफ्टसारखी कलाकृती, जिच्यात उभे राहिल्यावर भोवतालच्या चलच्चित्रांमुळे आपण वर-खाली जात असल्याचा भास होतो, ती २०११ सालचीच होती. उलट २०१९ च्या दालनात नंदलाल बोस यांची १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली चित्रे होती. जितिश कल्लाट यांची धुक्याच्या पडद्यावर गांधीजींचे हिटलरला लिहिलेले पत्र प्रक्षेपित करणारी कलाकृती २०१२ ची. म्हणजे समकालीन कलेच्या व्यासपीठावर निमित्ताने काळाची निवड कशी बदलली, हे तारखांवरूनच दाखवता येते. त्यावरून ते दालन कमअस्सल ठरत नाही; प्रश्न मात्र नेमका होतो.

गुंफणकाराचा लेख हा पुरावा नव्हे, दावा मानावा आणि तो भारतीय व परदेशी समीक्षणांशी ताडून पाहावा. अकादमीचे वार्षिक अहवाल मिळवावेत. खर्चाचा तपशील त्यांत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. बिएनालेचा स्वतःचा ऐतिहासिक अभिलेखागार व्हेनिसमध्ये आहे, तर हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हमधील बराच भारतीय दस्तऐवज घरबसल्या वाचता येतो.

अनुपस्थितीचीही नोंद ठेवावी. या दोन दालनांच्या मधल्या आवृत्त्यांत भारताचे अधिकृत दालन नव्हते. २०१५ मध्ये भारताच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानचे रशीद राणा हे कलावंत तिथे एकत्र दिसले, ते एका खासगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने. तसेच वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात जगभरच्या समकालीनांबरोबर होते. वरील दोन्ही दालनांच्या यादीत मात्र एकही आदिवासी चित्रकार नाही. तक्त्यात या रिकाम्या जागेसाठी वेगळा रकाना ठेवावा.