कर्मचाऱ्यांचं आरोग्य जपताना या चुका टाळा

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काही करायचं ठरलं की सुरुवात सहसा एखाद्या व्याख्यानाने, योगवर्गाने किंवा वार्षिक रक्ततपासणीने होते. यात वाईट काहीच नाही. पण ज्या टेबलावर दिवसभर वाकून काम करावं लागतं त्याची उंची तशीच राहिली, तर सकाळच्या अर्ध्या तासाच्या आसनांनी पाठदुखी थांबणार नाही. त्रास कामातून येत असेल तर बदल कामातच करावा लागतो, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

मास्क वाटले की झालं, असं समजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. धोका मुळातूनच काढता येतो का, हे आधी बघायचं. नाही तर कमी घातक पर्याय, मग यंत्राला आवरण किंवा धूळ ओढून घेणारी सोय, मग कामाच्या वेळा आणि पाळ्यांत बदल. मास्क, हातमोजे, इअरप्लग यांचा नंबर शेवटचा.

दगड किंवा काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. मास्क घामाने सरकतो आणि दाढी असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर बरीचशी धूळ उडण्याआधीच बसते.

आवाजाचंही तसंच. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त असण्याची दाट शक्यता आहे. एका प्रचलित शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा आहे आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ती निम्मी होते: ८८ला ४ तास, ९१ला २. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून मोजमाप आधी करा.

तक्रार आली की माणसाच्या सवयींकडे बोट दाखवणं

त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. त्याच विभागातल्या इतरांनाही हा त्रास आहे का? सुट्टीच्या दिवशी कमी होतो का? अलीकडे रसायन, यंत्र किंवा कामाची पद्धत बदलली का? खोकला किंवा धाप सुट्टीत कमी होऊन कामावर आल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर कामामुळे होणाऱ्या दम्याची शंका घ्या. डॉक्टरांकडे पाठवताना हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी सोबत द्या, नाही तर नुसतं खोकल्याचं औषध मिळतं.

ऑफिसात मान आणि खांदे दुखत असतील तर आधी लॅपटॉप बघा. त्यात स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले असल्याने एक योग्य उंचीवर आणला की दुसरा चुकतो. वेगळा कीबोर्ड द्या आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा.

कामाचे तास तसेच ठेवून समुपदेशन देणं

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. समुपदेशन हवंच. पण खचलेल्या माणसाला तिथून उठवून पुन्हा त्याच ढिगाऱ्यासमोर बसवणं अन्यायाचं आहे. काम कोणाकडे साचतंय, कोणाची सुट्टी सारखी रद्द होतेय, याची नोंद ठेवा आणि त्यावरून माणसं किंवा मुदती बदला.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर ते बंद करा. त्यासाठी लोक तापातही कामावर येतात.

तपासणीचे अहवाल साहेबांच्या टेबलावर जाणं

असं एकदा झालं की पुढच्या वेळी लोक लक्षणं लपवतात आणि तपासणीचा उपयोगच संपतो. वैयक्तिक अहवाल कर्मचारी आणि डॉक्टर यांच्यातच राहू द्या. व्यवस्थापनाला, कोणाची ओळख पटणार नाही अशा बेताने, विभागवार एकत्रित आकडे पुरतात: किती जणांची श्रवणशक्ती घटली, किती जणांची पाठ दुखते. ज्या विभागाचा आकडा वाढलाय तिथे जाऊन काम करणाऱ्यांनाच विचारा की काय बदलायला हवं.