एमबीएची एक टर्म फ्रान्समध्ये: आधी तारखा, मग शहर

परदेशात शिकायची एक स्वस्त वाट म्हणजे कॉलेजच्या करारातला एक्स्चेंज, म्हणजे दोन कॉलेजांमधली विद्यार्थ्यांची अदलाबदल. फी आपल्याच कॉलेजला भरायची, तिकडची ट्यूशन फी माफ. प्रवास, राहणं-खाणं आणि विमा मात्र आपल्या खिशातून. एसेक, एडेक, ईएससीपी अशा फ्रेंच बिझनेस स्कूलचे भारतातल्या संस्थांशी करार आहेत.

१. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. सप्टेंबरची टर्म परीक्षेसकट कधी संपते आणि आपल्याकडे प्लेसमेंट कधी सुरू होते? तारखा एकमेकींवर येत असतील तर ऑनलाइन मुलाखतीची परवानगी ईमेलवर घ्या. तोंडी 'बघू'च्या भरवशावर तिकीट काढू नका.

२. तिकडच्या विषयांचे क्रेडिट आपल्या कॉलेजकडून लेखी मंजूर करून घ्या. युरोपात पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं (युरोपातल्या क्रेडिटचं) असतं. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, घरचा धरून. पाच विषय लागणार असतील तर आठ मंजूर करून ठेवा. आवडते विषय भरून जातात, तास एकाच वेळी येतात. गुणांचंही आधीच विचारा. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, १४ म्हणजे चांगले आणि १६ च्या वर क्वचितच. १४ चे सरळ ७० टक्के धरले तर तुमची सरासरी विनाकारण घसरते. नुसती पास-नापास नोंद होणार असेल तर उत्तमच.

३. नाव जुळवा. इथे आपली मराठी मुलं हमखास अडकतात. बारावीच्या गुणपत्रिकेवर 'पाटील स्नेहल राजेंद्र', पासपोर्टवर आडनाव शेवटी, आणि कॉलेजने नॉमिनेशनमध्ये (तिकडच्या कॉलेजला विद्यार्थ्याचं नाव कळवताना) वडिलांचं नावच गाळलेलं! नॉमिनेशन जाण्याआधी पासपोर्टची प्रत कार्यालयात द्या आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहायला सांगा. स्वीकारपत्र याच नावाने येतं आणि व्हिसाला तेच लागतं.

४. व्हिसा. मुक्काम ९० दिवसांच्या वर असेल तर पर्यटकांचा शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा अल्प मुदतीचा) व्हिसा चालत नाही, दीर्घ मुदतीचा लागतो. आधी कॅम्पस फ्रान्सच्या (परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर नोंदणी, मग व्हिसा केंद्राची वेळ. अर्ज निघण्याच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. म्हणून स्वीकारपत्र येताच पोर्टलचं काम उरकून घ्या. खात्यात महिन्याला ६१५ युरो दाखवण्याचा दंडक आहे, पण पॅरिसमध्ये तेवढ्यात खोलीभाडंही जेमतेम भागतं.

५. सोबत जन्मदाखला न्या. आई-वडिलांची नावं असलेला, इंग्रजी मजकुराचा. तिथल्या आरोग्य विम्याच्या नोंदणीत तो मागतात, आणि मग घरच्यांना पालिकेत हेलपाटे घालावे लागतात.

६. पोचल्यावर व्हिसा नीट वाचा. त्यावर 'व्हीएलएस-टीएस' (निवास परवान्याचंही काम करणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा) छापलं असेल तर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे राहून गेलं तर नाताळात शेजारच्या देशात फिरून परत येताना सीमेवर अडचण येऊ शकते.