सोलापुरात घरचा कॉम्प्युटर कुठून घ्यावा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय, कुठलं दुकान चांगलं?" मी एका महाविद्यालयाची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीन उघडायची, साफ करायची, बिघडली की वॉरंटीत पाठवायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे दुकानाचं नाव सांगायच्या आधी मी उलट विचारते: बंद पडला तर उचलून कुठे नेणार? या प्रश्नाचं सरळ उत्तर ज्या दुकानात मिळेल तिथून घ्या. हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील.

"कंपनीची वॉरंटी आहे की" असं सगळेच सांगतात. वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन, एवढं विचारा. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येणार. कॅरी-इन म्हणजे कॅबिनेट (कॉम्प्युटरचा मुख्य डबा) तुम्हीच सर्व्हिस सेंटरला न्यायचं. ते सेंटर सोलापुरात आहे का, हे दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका. कंपनीच्या वेबसाइटवर सर्व्हिस सेंटर शोधायची सोय असते, तिथे ४१३००१ किंवा तुमचा पिनकोड टाका. जवळचं सेंटर पुण्याचं दाखवत असेल तर हिशोब बदलतो, कारण पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे आणि कॅबिनेट घेऊन सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडणं ही काही गंमत नाही. त्याच कंपनीचं ऑनसाइट वॉरंटीचं मॉडेल थोडं महाग असलं तरी मग तेच घ्यावं.

असेंबल, म्हणजे सुटे पार्ट निवडून दुकानात जोडलेला घेणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. बॉक्समधल्या इंटेल प्रोसेसरला ३ वर्षं, मदरबोर्डला साधारण तेवढीच, एसएसडीला (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) ३ किंवा ५. ब्रँडेड मशीनला पुष्कळदा पूर्ण मशीनची १ वर्षाची मिळते, त्या मानाने हे फायद्याचंच. पण बिघाड कुठल्या पार्टमध्ये आहे ते शोधणं, तो काढून पाठवणं, परत येईपर्यंत तुमचं काम चालू ठेवणं, हे सगळं त्या दुकानदारावर अवलंबून. म्हणून असेंबल घेताना आधी माणूस निवडायचा. दुकानात अर्धा तास नुसतं बसा. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाशी तो कसा बोलतो, पावती देतो की नुसतं "ठेवून जा, बघतो" म्हणतो, ते पाहा. विक्रीच्या काउंटरवर सगळेच गोड बोलतात.

कोटेशन लेखी घ्या, आणि त्यात प्रत्येक पार्टची कंपनी आणि मॉडेल नंबर हवा. "आय ५, ८ जीबी, ५१२ एसएसडी" एवढंच लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नाही. आय ५ हा इंटेलचा प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीही होता. आय ५-१२४०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी जनरेशन, आय ५-६५०० म्हणजे सहावी. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांतून निघालेल्या मशीन "एकदम नव्यासारखी" म्हणून स्वस्तात मिळतात, त्यांच्यात सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बऱ्याच असतात. सेकंड हॅन्ड घेऊच नये असं मी म्हणत नाही. आठव्या जनरेशनची किंवा त्यापुढची, दुकानाची लेखी ६ महिन्यांची वॉरंटी असलेली मशीन शाळकरी मुलाला छान चालते. पण ती नव्याच्या भावात किंवा नवी म्हणून गळ्यात पडू नये.

आता कोटेशनमधल्या ज्या ओळीकडे कुणी बघत नाही ती: एसएमपीएस. मशीनला वीज पुरवणारा हा डबा खूपदा कॅबिनेटसोबत "फ्री" येतो. तो हातात घ्या. हलका लागला तर तिथेच शंका घ्या. मग स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॉट असेल, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलंय ते बघा. आजचं मशीन जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतं. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. उरलेला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. चांगल्या कंपनीच्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रांगेत ३५च्या आसपास अँपिअर दिसतात आणि बाजूला ८० प्लसची (वीज कमी वाया जाते याची) खूण असते. फरक दीड-दोन हजारांचा असेल, पण खराब एसएमपीएस जाताना कधी मदरबोर्डही घेऊन जातो. जो दुकानदार तुम्ही न विचारता "हा फ्रीवाला नको, हा घ्या" म्हणून समजावून सांगतो, त्याच्याकडून मी डोळे मिटून घेते.

शहराच्या पूर्व भागात घरातच लूम (यंत्रमाग) असेल, तर कॅबिनेट कुठलं आणि साफ करायला कोण येणार हे आधीच ठरवा. सुताचे बारीक तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली जमून गोधडीसारखा थर बसतो, मग एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात मशीन आपोआप बंद पडायला लागतं. लोकांना वाटतं व्हायरस आला. पुढच्या बाजूला जाळी काढून धुता येईल असं कॅबिनेट घ्या, आणि वर्षातून दोनदा घरी येऊन साफ करून देणारं जवळचं दुकान निवडा. अशा घराला लांबचं स्वस्त दुकान परवडत नाही.

बिलाबद्दल मी कुणालाच सूट देत नाही. ४०,००० च्या मशीनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,२००, एकूण ४७,२००. "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य त्या ७,२०० वर उभं आहे. पण कच्च्या चिठ्ठीवर कंपनी वॉरंटी मानत नाही आणि तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीच नसतं. पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. तुमचा स्वतःचा धंदा असेल आणि मशीन त्यासाठीच वापरणार असाल, तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकायला सांगा. तो कर इनपुट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतो आणि आयकरात कॉम्प्युटरला ४० टक्के घसारा आहे. तुमच्या सीएला विचारा, मग बिल नसलेलं मशीन स्वस्त वाटणार नाही.

मोठ्या शोरूमचा फायदा म्हणजे पक्कं बिल आणि हप्ते. "नो कॉस्ट" हप्त्यात व्याज आधी सूट म्हणून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच जाते. रोख किंमत वेगळी विचारा. आणि तिथल्या सेल्समनला विशेष काही विचारू नका. त्याला मॉडेल पाठ असतं, मशीन माहीत नसतं.

ऑनलाइन मी मॉनिटर, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह खुशाल घेते. अख्खा कॉम्प्युटर घ्यायचा तर तीन गोष्टी बघा: सेलर कोण, परतीत पैसे मिळतात की नुसती बदली, आणि वॉरंटी कंपनीची की सेलरची. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, आधी चिकटपट्टी आणि लेबल दाखवून. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. तरी हललं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, म्हणजे दुकान पुण्याचं असो की ऑनलाइन, तारखा सोलापुरातच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी नाही. मुदत २ वर्षं.

पुण्याहून किंवा हैदराबादहून आणावं का? आपल्याकडे निम्म्या गल्लीचे पाहुणे हैदराबादला, त्यामुळे सिकंदराबादच्या सीटीसी या कॉम्प्युटर मार्केटचं नाव निघतंच. गेमिंगचं किंवा व्हिडिओ एडिटिंगचं महागडं मशीन असेल, पार्ट इथे मिळतच नसेल, तर जरूर आणा. साध्या घरगुती मशीनसाठी वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात.

मशीन ताब्यात घेताना दुकानातच चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, किती स्लॉट भरलेत, डिस्क एसएसडी आहे का, सगळं तिथे दिसतं. कोटेशन शेजारी धरून एकेक ओळ जुळवा. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेट आहे का बघा. ब्रँडेड असेल तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका. मशीन गोदामात पडून राहिलेलं असलं की वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसते, ती बिल दाखवून खरेदीच्या तारखेपासून करून घ्यावी लागते. हे दुकानदारालाच करायला सांगा, पैसे द्यायच्या आधी.

शोरूमचं बिल त्या गुळगुळीत कागदावर आलं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि फोटो स्वतःला मेल करा. दोन उन्हाळ्यांत त्यावरची अक्षरं उडतात आणि वॉरंटी कधी कधी ३ वर्षांची असते.